वडगावात वाळलेला प्रबंध

निपाणी-बेळगावकडे जायचं तर बरोबर काय न्यावं, असं हल्ली ओळखीतला जो तो मला विचारतो. माझी यादी ठरलेली आहे. नाकाला बांधायला एक धड रुमाल, पोटात दोन माणसांची जागा आणि शेरभर बाभळीचे काटे. प्रबंध मात्र नेऊ नये. न्यायचाच असेल तर काटे दोन शेर न्यावेत.

काट्यांचं पुढे येईलच. आधी ज्याच्या प्रबंधापायी ही यात्रा घडली तो माणूस सांगतो.

परशराम आणि मी पुण्यात नऊ वर्षं एका खोलीत राहिलो. मी छापखान्यात मुद्रितं तपासतो. दिवसभर दुसऱ्यांचं जास्तीचं खोडायचं, म्हणून संध्याकाळी माझ्या बोलण्यात थोडं जास्तीचं येतं, ही गोष्ट मी कधी नाकारलेली नाही. परशराम वडगावच्या विणकराचा मुलगा. आईबाप प्लेगात गेले, तेव्हा तो चालायला शिकत होता. थोरल्या बहिणीनं, तायाक्कानं, त्याला मागाच्या खड्ड्याशेजारी बसवून वाढवलं. बेळगावात शाळा, पुण्यात कॉलेज, मग एम. ए. आणि मग नऊ वर्षं हंगामी प्रोफेसर. हंगामी म्हणजे कसं, तर तर्कशास्त्राचे प्रोफेसर पडसं होऊन पडले की हा तर्कशास्त्र शिकवायचा, इतिहासवाले मुलीच्या लग्नाला गेले की इतिहास. वनस्पतिशास्त्राचे गृहस्थ एकदा झाडावरून पडले, तेव्हा यानं पंधरा दिवस वनस्पतिशास्त्रसुद्धा शिकवलं आणि त्या वर्षी त्या विषयात कुणी नापास झालं नाही.

त्याचा स्वतःचा विषय मात्र राज्यशास्त्र, आणि त्यातही अगदी मुळाशी जाणारा प्रश्न: माणसं राज्याचं ऐकतात ती का? या एका 'का'वर त्यानं त्या नऊ वर्षांत तीनशे बारा पानं लिहिली. त्यातल्या सहाव्या प्रकरणाचा गोषवारा एका त्रैमासिकात छापून आला, तो बेळगावच्या एका नव्या कॉलेजच्या अध्यक्षांनी वाचला आणि पत्र धाडलं. राज्यशास्त्राची एक कायमची जागा भरायची आहे, गुरुवारी प्रबंध घेऊन भेटीला यावं, सहावं प्रकरण आम्हांस विशेष पसंत आहे.

पत्र वाचून परशराम आधी खुर्चीवर बसला, मग खुर्चीवरून उठून खाटेवर बसला. तायाक्का दर दिवाळीला कुणाकडून तरी एकच ओळ लिहून पाठवायची: "शिकून झालं असंल तर घरला ये." नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्याच्याकडे त्या ओळीला द्यायला उत्तर होतं.

मी म्हणालो, मी येतो. प्रबंध धरायला माणूस लागेल.

निपाणी

पुण्याहून बेळगावला सरळ रेल्वे जाते. आम्ही कोल्हापुराहून सर्व्हिस मोटारीनं निपाणीवरून गेलो, कारण निपाणीत माझी आत्या आहे आणि आत्याच्या हातचं जेवण आहे.

निपाणी गाव दिसायच्या आधी नाकाला कळतं. तिथं तंबाखूच्या वखारी आहेत, म्हणण्यापेक्षा वखारींच्या मधून मधून थोडं गाव आहे. निपाणीत मूल जन्मलं की आधी शिंकतं, मग रडतं. देवळातल्या कीर्तनात बुवा मधेच थांबले तर लोक समजतात, आता शिंक येणार, आणि सगळे मिळून टाळ धरून ठेवतात. मोटारीतून उतरल्यापासून आत्याच्या दारापर्यंत मी एकशे चाळीस वेळा शिंकलो. परशरामानं मोजल्या, तो म्हणतो अकरा.

आत्याचे यजमान बापूकाका तंबाखूचे व्यापारी. पाट मांडले होते. वाफाळती भाकरी, वांग्याचं भरीत, वर कच्च्या तेलाची धार आणि लवंगी मिरचीचा ठेचा. आमच्या पुण्यात पाहुण्याला "आणखी वाढू का?" असं विचारतात, आणि विचारण्याच्या सुरातच उत्तर असतं. इथं विचारत नाहीत. ताटावर आडवा हात धरला तर हातावर वाढतात.

तिसऱ्या भाकरीला काकांनी परशरामाला विचारलं, "प्रोफेसर, तुमच्या त्या बाडात हाय तरी काय?"

परशराम जेवताना बोलत नाही, पण प्रबंधाचं नाव काढलं की त्याचा घास हवेतच थांबतो. तो म्हणाला, "काका, नियम म्हणजे शेवटी कुणाचा तरी हुकूम. हुकूम देणारा एक असतो, त्याच्या हातात शिक्षा असते, म्हणून बाकीचे ऐकतात. तो एक काढून टाका, नियम उरत नाही. हे सहाव्या प्रकरणात मी सिद्ध केलंय."

"म्हंजे दांडकं असल्याबिगार कोन ऐकत न्हाय. असंच की?"

"स्थूलमानानं, होय."

"आनि हे लिवायला नऊ वर्सं लागली?"

"लागली."

काकांनी आत्याकडे पाहिलं. "बैलाला इचारलं असतं तर एका दिसात सांगितलं असतं त्यानं."

आत्या म्हणाली, "तुम्ही जेवा गप. नऊ वर्सं बसून लिवलंय त्यानं, तुम्हास्नी नऊ मिन्टं बसवत न्हाय." आणि परशरामाच्या ताटात चौथी भाकरी टाकली. घास अजून हवेतच होता.

तवंदीचा घाट

निपाणी सोडली की तवंदीचा घाट लागतो. आमच्या मोटारीचा ड्रायव्हर हुसेनमामा. मोटार त्यांच्याहून वयानं मोठी असावी, कारण ते तिला अहो-जाहो करायचे. "आता चढा बरं का, बाईसाहेब," असं म्हणून गिअर टाकायचे. अर्ध्या घाटात बाईसाहेबांना घाम फुटला. पाण्याची वाफ इतकी झाली की पुढच्या बाकावरच्या दोन बायकांनी त्यावर शेंगा उकडून घेतल्या. त्यांतल्या चार मी स्वतः खाल्ल्या आहेत, तेव्हा शंका घेऊ नये.

एवढ्यात वरून बैलगाड्या उतरू लागल्या. तंबाखूचे बोद, म्हणजे मोठे गठ्ठे, भरलेल्या पंधरा-वीस गाड्या होत्या. मोटार पाहताच पहिल्या गाडीवाल्यानं बैल ओढून गाडी डोंगराच्या कडेला लावली, मागच्यांनीही लावल्या. आम्ही वाफा सोडत वर निघालो.

परशराम पुढे वाकला. "मामा, यांनी गाड्या बाजूला का घेतल्या? मोटार आहे म्हणून?"

"मोटार कशाला? बैलगाडी चढत असती तरी घेतल्या असत्या. चढनाऱ्याला वाट द्यायची. चढताना थांबला त्यो पुन्ना सुटत न्हाय."

"हा नियम कुणी केला?"

मामांनी वळण घेतलं, मग उत्तर दिलं. "कोन करतंय? घाटानं केला."

"आणि मोडला तर शिक्षा काय?"

"मोडायचा कशाला पन?"

परशरामानं वही काढली, काहीतरी लिहिलं आणि मिटली. मी मान लांब करून पाहिलं. लिहिलं होतं: 'अपवाद. महत्त्वाचा नाही.'

वडगाव, मंगळवार

बेळगाव शहर इंग्रजांचं. पण शहर संपता संपता शहापूर-वडगाव लागतं, तो मुलूख संस्थानी. दोन राज्यांच्या मधे ना नदी, ना तट. एका गटारावरून उडी मारली की माणूस बादशहाच्या अमलातून राजेसाहेबांच्या अमलात. त्या गटाराशी एक म्हैस उभी होती, पुढचे पाय संस्थानात, मागचे इंग्रजीत. मी परशरामाला म्हटलं, हिचं दूध साम्राज्याचं आणि गवत संस्थानचं. त्यावर हा गटाराच्या काठावर उभा राहून मला सार्वभौमत्वावर अर्धा तास सांगत होता. म्हैस शेवटपर्यंत ऐकत होती. मी मधे चहा पिऊन आलो.

वडगावात घराघरांत माग. खटक-खट, खटक-खट, साऱ्या गल्लीचं एकच काळीज चालतं आहे असा आवाज. आम्ही गल्लीत शिरलो आणि एका घरातला माग थांबला. दारात तायाक्का आली. बारीक, उंच, हाताला हळदी रंगाचं सूत चिकटलेलं. तिनं परशरामाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"लई वाळलास रं, परश्या."

"नाही अक्का, तेवढाच आहे."

"तेवडाच कसा? चष्मा जड झालाय, मानूस हलकं झालंय." मग माझ्याकडे वळून, "ह्ये पावनं कोन? ह्येंनीच खाल्लंय व्हय तुझ्या वाटनीचं?"

मी मान खाली घातली. पुराव्यापुढे काय बोलणार?

तायाक्काचे यजमान भरमाण्णा मागावरून उठून आले. हा माणूस दिवसातून सहा वाक्यं बोलतो आणि त्यांतली दोन मागाशी. त्यांनी परशरामाच्या पाठीवर हात ठेवला, "आलास," म्हणाले आणि परत मागावर गेले. जेवायला जोंधळ्याची भाकरी, अंबाडीची भाजी, जिला इथं पुंडी म्हणतात, आणि गोडाला मांडे. मांडा म्हणजे काय, हे न पाहिलेल्याला सांगणं अवघड. पुरण भरलेली पोळी उपड्या मडक्यावर पसरतात आणि ती इतकी पातळ होते की तिच्यातून समोरच्याचं तोंड दिसतं. मी एका मांड्यातून भरमाण्णांना पाहिलं. मांड्यापलीकडून ते हसत होते.

"नोकरी लागली का न्हाय?" तायाक्कानं विचारलं.

"परवा भेट आहे, अक्का. जवळजवळ लागल्यातच जमा. त्यांना माझं सहावं प्रकरण आवडलंय."

"मग त्ये नीट संबाळ," ती म्हणाली, आणि लाल फडक्यात बांधलेला प्रबंध देवाशेजारी ठेवला.

वडगाव, बुधवार

आता मी माझ्या गुन्ह्याकडे येतो.

विणायच्या आधी साडीचं उभं सूत, म्हणजे ताणा, गल्लीत लांबच्या लांब ताणतात. दोन टोकांना लाकडी घोड्या, मधे कैचीसारखे फुलीत बांधलेले बांबू, आणि या घरापासून त्या घरापर्यंत हजारो धागे कमरेइतक्या उंचीवर. त्याला खळ लावतात आणि चार-सहा जण लांब कुंचे घेऊन पुढे-मागे चालत ती पाजतात. याला पाजणी म्हणतात. धागा ओला असताना कुणी धक्का लावला, खालून शिरलं, तर धाग्याला धागा चिकटतो आणि आठ दिवसांचं काम जातं. म्हणून पाजणी चालू असली की ती गल्ली बंद. पाणी भरायला जाणाऱ्या बायका मागच्या बोळानं वळसा घेतात, कुत्रीसुद्धा वळसा घेतात. तिथं एकही पाटी नाही. आमच्या पुण्याच्या घरमालकांनी जिन्यात अकरा पाट्या लावल्या होत्या, आणि त्या अकराही मी रोज चढता-उतरता मोडत असे.

हे ज्ञान मला नंतर झालं; परशरामाला ते सांगायची गरजच वाटली नव्हती. बुधवारी सकाळी मी उठलो, तो परशराम ओट्यावर दात घासत होता. मला म्हणाला, "प्रबंध जरा समोरच्या ओट्यावर आण, तिथं ऊन आहे. उद्यासाठी एकदा वाचून काढतो." प्रबंध त्यानं बांधून घेतला नव्हता. शेवटच्या घटकेला एखादा शब्द बदलावासा वाटेल, म्हणून सुटाच ठेवला होता. मी तो उचलला. समोरच्या ओट्यापर्यंत आठ पावलं आणि मधे ताणा. सरळमार्गी माणसानं काय करावं? मी वाकलो आणि खालून निघालो.

सारी गल्ली गप्प झाली. मी ताण्याखाली पुरता वाकलेला, आणि माग थांबलेले, कुंचे थांबलेले. मग तायाक्काचा आवाज आला. ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, "पावनं, हलू नगासा."

हळू आवाजाची मला पुण्यात सवय नाही. मी दचकलो. प्रबंध हातातून सुटला आणि पलीकडे ठेवलेल्या खळीच्या पातेल्यात, जोंधळ्याच्या कोमट कांजीत, तीनशे बारा पानांनी समाधी घेतली. एक बुडबुडा आला. मला वाटतं, तो प्रस्तावनेचा असावा.

सूत मात्र एकही चिकटलं नाही. भरमाण्णांनी मला पायांना धरून मागे ओढून काढलं, जसं पोतं ओढतात.

परशराम दात घासायची काडी तोंडात धरून उभा. कार्बनची प्रत पुण्यात, भेट उद्या. तो माझ्यावर रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त पातेल्याकडे पाहत म्हणाला, "अक्का, गेलं."

"कुटं जातंय?" तायाक्कानं पदर खोचला. "कागूद म्हंजे तरी काय, चिंध्याच. चिंध्या म्हंजे सूत. व्हा बाजूला."

तो ताणा पाजून गुंडाळेपर्यंत तिनं प्रबंधाला हात लावला नाही. आधीचं काम आधी. मग चार शेजारणी आल्या. एक पान कांजीतून काढायचं, साध्या पाण्यात धुवायचं, दोन तळहातांत दाबायचं. टंकलेखनाची शाई जिद्दीची, ती हलली नाही. गल्लीतल्या घोड्या अजून उभ्याच होत्या. त्यांना दोऱ्या बांधल्या, आणि दोऱ्यांवर एकेक पान बाभळीच्या काट्यानं टोचून लावलं. काटे आणायची शिक्षा मला. मी इतके काटे तोडले की वडगावच्या शिवारात त्या बाभळी अजून गुळगुळीत आहेत.

अकरा वाजेपर्यंत तीनशे बारा पानं या टोकापासून त्या टोकापर्यंत फडफडत होती. आणि मग मी पाहिलं, की पाण्याची घागर घेतलेली एक बाई गल्लीच्या तोंडाशी आली, पानांकडे पाहिलं आणि मागच्या बोळाकडे वळली. तिच्या मागचा भाजीवालाही वळला.

मग टांगा आला. संस्थानचे कारभारी कचेरीकडे निघाले होते. जरीचं पागोटं, छत्री, मागे पट्टेवाला. घोडा गल्लीच्या तोंडाशी आपण होऊन थांबला.

परशरामाच्या तोंडचं पाणी पळालं. तो धावत पानं काढू लागला.

"हात लावू नगो," तायाक्का म्हणाली. "वली हाईत."

"अक्का, ते कारभारी आहेत."

"व्हय, दिसतंय की मला. पागोटं घातलंय."

"अगं, इथं त्यांचा हुकूम चालतो."

"चालू दे की. हुकूम हुकमाच्या जागी चालतोय, टांगा ताण्याच्या जागी थांबतोय. तू का पळतोस?"

टांगेवाल्यानं लांबूनच विचारलं, "किती येळ लागंल, आक्का?"

"ऊन बरं हाय. अर्धा-पाऊन तास."

कारभारी खाली उतरले, भरमाण्णांच्या ओट्यावर बसले, गूळ-पाणी घेतलं. म्हणाले, "भरमाण्णा, आज नुसतंच पांढरं सूत?"

भरमाण्णांनी दिवसातलं तिसरं वाक्य खर्च केलं. "सूत न्हवं, साहेब. आमच्या परशरामाचा ताणा हाय. पुण्याचा."

कारभाऱ्यांनी चष्मा लावला आणि ओट्यालगतचं पान बसल्या जागेवरून वाचलं. मजकूर इंग्रजी, त्यांनी मोठ्यानं मराठी केला: "प्रत्येक राज्यात असा एक असतो, ज्याची आज्ञा सगळे मानतात आणि जो स्वतः कुणाचीच मानीत नाही." मग परशरामाकडे वळले. "हा कोण?"

"राज्यकर्ता, साहेब."

"मग तो मी नव्हे. राजेसाहेबही नव्हेत. मागच्या उत्सवाला त्यांची मोटार इथंच उभी होती, रेशमाचा ताणा होता म्हणून. त्यांनी खिडकीतून रंग कोणता ते विचारलं."

परशरामानं हातात आलेलं पान पुन्हा दोरीला टोचलं. मग अगदी विद्यार्थ्यासारखं म्हणाला, "साहेब, तुम्ही का थांबलात?"

"ताणा होता."

"पण हा ताणा नाही. कागद आहेत."

"ते मला तेव्हा काय माहीत? गल्ली वळसा घेत होती, मी थांबलो." त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "घोडा तर माझ्याही आधी थांबला. त्याला विचारा."

परशराम खरोखर घोड्याकडे पाहत राहिला. तीनशे बारा पानं वाऱ्यावर हलत होती आणि त्यांवर लिहिलं होतं, की हुकूम देणारा नसेल तर नियम नसतो. आणि त्या पानांना धक्का लागू नये म्हणून, कुणीही हुकूम न देता, एक संस्थान ओट्यावर गूळ खात बसलं होतं.

दुपारी पानं निघाली. तायाक्कानं ती क्रमानं लावली. तिला अक्षर येत नव्हतं, पण दोरीवर कोणतं कुठं होतं ते तिच्या बोटांना पाठ होतं. खळ थोडी राहिलीच होती, पान न् पान कडक झालं होतं. गठ्ठा उभा ठेवला तर उभाच राहायचा.

उन्हं कलताना तायाक्का विणायला बसली, तेव्हा परशराम मागाच्या खड्ड्याशी जाऊन बसला, लहानपणी बसायचा तिथं.

"अक्का, सहावं प्रकरण चुकलंय."

"कुटलं?"

"ज्याच्यावर नोकरी मिळणार होती, ते. मी या गल्लीत वाढलो. दहा वर्षं त्या बोळानं वळसा घेऊन शाळेला गेलतो. आणि लिहिताना मला ही गल्ली एकदाही आठवली नाही."

मी तिथंच होतो. मी म्हणालो, "हे बघ, आधी जागा पदरात घे, मग चूक काढ. आमच्या धंद्यात हेच करतात. आधी छापायचं, मागाहून शुद्धिपत्र."

तायाक्कानं मागावर इकडून तिकडे धावणारा धोटा थांबवला. "ह्ये पावनं लई हुशार हाईत. म्हनूनच ताण्याखालनं गेलतं." मग तिनं मागावरचं सूत बोटांनी चाचपलं. "तू घरला यावंस असं मला लई वाटतंय, परश्या. किती वाटतंय, त्ये न्हाय सांगत. पर चुकल्यालं सूत मी बाजारात धाडत न्हाय. तुला ठाव हाय त्ये."

धोटा पुन्हा चालू झाला. खटक-खट.

कॅम्प, गुरुवार

बेळगावचा कॅम्प म्हणजे झाडं, बंगले आणि इतकी स्वच्छता की थुंकायला माणसाला संस्थानात जावं लागतं. भेट एका बंगल्यात होती. मी व्हरांड्यात बसलो. मी खिडकीला कान लावला असं परशराम म्हणतो. ते खरं नाही. खिडकीच माझ्या कानाशी आली होती.

अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी प्रबंधाचं पहिलं पान उलटलं आणि पापड मोडल्यासारखा आवाज झाला. ते थांबले. पान नाकाशी नेलं.

"तांदळाची, का जोंधळ्याची?"

"जोंधळ्याची, सर," परशराम म्हणाला.

अध्यक्षांनी पुढे काही विचारलं नाही. आणखी चार पानं मोडली. मग म्हणाले, "तुमचं सहावं प्रकरण मला पटलं होतं."

"मलाही पटलं होतं, सर. कालपर्यंत."

मग त्यानं सांगितलं. घाट, पाजणी, टांगा, घोडा, सगळं. मी त्यात रंग भरायला आत जाणार होतो, पण पट्टेवाल्यानं दारात पाय आडवा घातला. शेवटी परशराम म्हणाला, "हुकमानं चालणारे नियम आहेतच. पण सगळे नियम हुकमानंच चालतात, हे मी लिहिलं, ते खोटं आहे. तो भाग मला परत लिहावा लागेल."

दुसरे एक सभासद म्हणाले, "एका गल्लीवरून सिद्धान्त मोडायचा?"

"सर, हा सिद्धान्त सगळीकडे लागू आहे असं मीच म्हटलंय. तो मोडायला एक गल्ली पुरते."

आत आणखी दोन पानं मोडल्याचा आवाज झाला. मग त्याला बाहेर बसवलं. तो माझ्याशेजारी येऊन बसला, आणि आम्ही दोघं समोरच्या आंब्याची पानं मोजत होतो. साडेचार हजारांपर्यंत आलो तेव्हा अध्यक्ष स्वतः बाहेर आले.

"कायमची जागा आज देता येणार नाही," ते म्हणाले. "जे पाहून बोलावलं, तेच तुम्ही मागे घेतलंत. जूनपासून एक वर्ष या. हंगामी. तेवढ्यात प्रकरण परत लिहा. पटलं नाही तर आपण भांडू." दोन पायऱ्या उतरून ते पुन्हा वळले. "आणि तो प्रबंध लोखंडी पेटीत ठेवा. खळीच्या कागदाला झुरळं लागतात."

वडगावपर्यंत परशराम पायीच चालला. तायाक्का दारातच उभी होती.

"हंगामी आहे, अक्का," तो म्हणाला. "पुन्हा हंगामीच. एक वर्ष."

"कुटं? हितं?"

"इथं. रोज संध्याकाळी घरी."

ती आत गेली. मडकं उपडं ठेवल्याचा आवाज आला. भरमाण्णा म्हणाले, "मांडे." त्या दिवसाचं तेवढंच.

वडगाव, शुक्रवार

माझी गाडी सकाळची. वळकटी घेऊन बाहेर आलो तर गल्लीत ताणा. ताण्यापलीकडे, गल्लीच्या तोंडाशी टांगा उभा, त्यात परशराम, मला पोचवायला.

"खालनं जावा, भाऊ," तायाक्का म्हणाली. तीन दिवसांत 'पावनं'चा मी 'भाऊ' झालो होतो. "आज कोरडा हाय. खळ अजून लावली न्हाय. कायबी हुईत न्हाय."

मी वळकटी खांद्यावर टाकली आणि मागच्या बोळाला लागलो. त्या बोळात त्या सकाळी सात म्हशी, एक विंचू आणि गुडघाभर चिखल होता. यातलं काही कमी करून सांगायची माझी तयारी नाही. घामाघूम होऊन टांग्याशी पोचलो, तेव्हा स्टेशनाकडून गाडी सुटल्याची शिट्टी ऐकू आली.

"ती म्हणत होती ना, खालून जा?" परशराम म्हणाला. "का नाही आलास?"

मला उत्तर सुचेना. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं. परशरामानं माझ्या चिखलानं भरलेल्या पायांकडे पाहिलं, आणि खिशातून पेन्सिल काढली.

नवं सहावं प्रकरण आता लिहून होत आलं आहे. त्यात मी आहे, असं त्यानं पत्रात कळवलंय. 'पुण्याहून आलेला एक प्रवासी', एवढंच. ना सात म्हशी, ना विंचू. मुद्रितं माझ्याकडेच यायची आहेत. मी त्यात एक अक्षर वाढवणार नाही.